पुढच्या खोलीचा दिवा

पोलादपूरच्या एसटी थांब्यावर बाजाराच्या दिवशी मी पत्रकं वाटत होतो. ‘पोलादपूरला उजेड कधी?’ असा ठळक मथळा, आणि खाली सगळा मजकूर माझा. महाडला वीज येते आणि घाटाच्या पायथ्याच्या पोलादपूरने कंदिलावर दिवस काढायचे हा कुठला न्याय, अशी त्याची सुरुवात होती. लोक पत्रक घेत होते, घडी करून टोपीत ठेवत होते. एका म्हातारीने तर माझ्यासमोरच त्यात सुकट बांधून घेतली. तेवढ्यात महाडहून गाडी आली. कंडक्टर ओळखीचा होता. एरवी उतरल्या उतरल्या ‘काय पुढारी!’ म्हणून पाठीवर थाप मारायचा, आज तसं काही केलं नाही. म्हणाला, “दत्तू, ही गाडी परत फिरेल तिच्यात बस. तिकीट नको काढूस. तुझी काकी गेली.” पत्रकांचा गठ्ठा माझ्या हातातच होता. “कशानं?” मी विचारलं. “सापानं. फुरसं चावलं म्हणतात...” “कधी?” तो जरा घुटमळला. “परवा संध्याकाळी चावलं म्हणं, आज पहाटे गेली. तू घरातच होतास ना रे?”

होतो. मी घरातच होतो. पुढच्या खोलीत, विजेच्या दिव्याखाली बसून ह्याच पत्रकाचं प्रूफ तपासत होतो. तिच्यात आणि माझ्यात एक फळ्यांचं दार होतं, बस्स. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. या गोष्टीला आता पाच-सहा आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीसाठी काकीवर लिहा असा आग्रह झाला, तेव्हा आग्रह करणाऱ्यांनी हेही सुचवलं की बाई सोशिक होत्या, मायाळू होत्या, कष्टाळू होत्या, तसं छान येऊ द्या. बाई मेली की तिच्यासाठी हे तीन शब्द आपल्याकडे तयारच असतात. पण द्रुपदाकाकी सोशिक नव्हती. ती मागत होती. एकच गोष्ट मागत होती, समोर उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. ती आम्ही दिली नाही.

माझं गाव पोलादपूरच्या वर डोंगरात, दहा-बारा घरांची वाडी. पुढच्या शिक्षणासाठी वडिलांनी मला महाडला त्यांच्या धाकट्या भावाकडे, महादूकाकाकडे ठेवलं. काका भाताच्या गिरणीत कामाला होता. गिरणीच्या मागे गिरणीमालक शेठची बारा खोल्यांची कौलारू चाळ होती, आणि तिच्यात सगळे गिरणीतले, बाजारातले हमाल, गाडीवान, कुणाचा नवरा मुंबईला तर कुणाचा इथंच. खोली म्हणायची एक, पण तिचे दोन भाग. पुढं बसायची-निजायची जागा, तिला दार, खिडकी आणि ओटा. मागं चिंचोळी पडवी, तिथं चूल, पाण्याच्या घागरी, लाकडं, मोरी. पडवीला खिडकी नव्हती. कौलांत एक काच बसवलेली होती, ती धुरानं कधीच काळी झालेली. सावित्री नदीला पाणी चढलं की मागच्या भिंतीला गुडघाभर ओल यायची, आणि ओलीबरोबर गांडुळं, गोम, विंचू जे काय असेल ते. चाळ बांधणाऱ्याला पुढच्या भागात माणूस राहणार हे माहीत असावं. मागच्या भागात दिवसाचे आठ-नऊ तास कोण काढणार, हे त्याने कुणाला विचारलेलं दिसत नाही.

तिथं काकी असायची. ती आमच्या पलीकडच्या वाडीची, उंच, हाडापेरानं मोठी, आणि आवाज डोंगरावरून डोंगरावर हाक मारायची सवय असलेल्या माणसाचा. पहिल्या दिवशी मी जेवायला बसलो तेव्हा ती म्हणाली, “रे दत्तू, लाजू नको. हितं पोट भरून खायचं आन पास व्हायचं. नापास झालास तर लाकडं फोडायला ठेवीन.” मी कधी नापास झालो नाही, त्यामुळे लाकडं तीच फोडत राहिली. पावसाळ्याआधी लाकडं भरून ठेवायची, ती तिनंच. सुकी संपली की ओली जाळायची, तीही तिनंच. काका गिरणीतून येताना तुसाचं पोतं खांद्यावर टाकून आणायचा आणि मोठं काही आणल्यासारखं मागच्या पडवीत आदळायचा. भाताचं तूस शेगडीत ठासून भरलं की तासन् तास धुमसत राहतं, लाकूड वाचतं. धूर मात्र असा निघतो की चुलीजवळचं माणूस दिसेनासं होतं. मग काका मधलं दार लावून घ्यायचा. धूर पुढं येऊ नये म्हणून. ते दार त्यानंच खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेलं होतं, आणि ते लागलं की पडवीत उरायचे दोन उजेड. एक चुलीतला जाळ, आणि दुसरी कोनाड्यात ठेवलेली रॉकेलची चिमणी. पत्र्याची डबी, झाकणात वात, एवढाच तो दिवा. काकी ती चिमणी रोज पुसायची, वात कातरायची, आणि भाकरी थापताना ती परातीच्या डाव्या अंगाला ठेवायची. तांदूळ निवडताना गुडघ्याजवळ. लाकूड काढायला कोपऱ्यात जाताना हातात. ती चिमणी घरात कुठेही एका जागेची नव्हती. काकी जिकडे, तिकडे ती.

एकदा आम्ही लाकडांसाठी सव गावाच्या बाजूला गेलो होतो. मी तेव्हा मोठ्या वर्गात होतो, माझ्या डोक्यावर अर्धी मोळी, तिच्या डोक्यावर दीड. येताना सवच्या गरम पाण्याच्या कुंडापाशी ती बसली, लुगडं घोट्यावर ओढून पाय पाण्यात सोडले. मग एकदम हसायला लागली. “काय गो काकी?” म्हटलं. म्हणाली, “बघ की. हितं पाणी तापवायला देवाला कुणाची बायको लागली नाय.” शेजारी अंघोळीला आलेले दोन भटजी तोंड फिरवून बसले. मला हसू आलं, आणि मी ते वाक्य पुढं वर्षभर मित्रांत गंमत म्हणून सांगत होतो. गंमत म्हणून... त्यात काही तक्रार आहे, हे मला सुचलंसुद्धा नाही. 

पुढं मी शिक्षण अर्धवट टाकलं आणि चळवळीत पडलो. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून घोषणा देत आमची पिढी बोलायला शिकली, आणि मी पत्रकं लिहायला शिकलो. पत्रकाची एक युक्ती असते. शत्रू एकच पाहिजे, मागणी एकच पाहिजे, आणि ती चार शब्दांत मावली पाहिजे. महाडात वीज आली, शेठच्या बंगलीवर दिवे लागले, गिरणीत लागले, आणि गिरणीला चिकटून असलेली आमची चाळ अंधारात राहिली, तेव्हा मला शत्रू मिळाला आणि मागणीही मिळाली. ‘चाळीला उजेड पाहिजे!’ चार शब्द नव्हे, तीनच. मी पत्रकं छापली, चाळीतल्या पुरुषांच्या सह्या-अंगठे घेतले, शेठच्या दारात दोन दिवस माणसं बसवली. शेठ वरवर हसरा होता, आत पक्का. दर खोलीला एक दिवा द्यायला तो तयार झाला. मेन स्विच त्याच्या ओटीवर राहणार, संध्याकाळी तो चालू करणार आणि निजायच्या वेळी बंद करणार. पहाटे चारला उठून डबा करणाऱ्या बायकांचं काय, हे त्याने विचारलं नाही आणि आम्हीही नाही.

मग त्याने डोळे बारीक करून विचारलं, “वीजही हवी आणि खोल्याखोल्यांत रॉकेलही जळणार? उद्या आग लागली तर चाळ कुणाची जाईल?” माझ्यापाशी उत्तर तयारच असायचं. मी म्हणालो, “शेठ, आम्ही लिहून देतो. दिवे लागले की चाळीत एकही चिमणी, एकही कंदील राहणार नाही.” त्याने मागितलं नव्हतं. मी आपणहून दिलं. त्याचं तोंड बंद केलं या आनंदात मी तिथंच कागद पुढं ओढला आणि ते कलम माझ्या हाताने लिहिलं. अक्षर सुरेख आलं होतं.

एका खोलीला एक दिवा, तर तो कुठं लावायचा, हे ठरवायला मारुतीच्या देवळात सभा घेतली. आदल्या दिवशी काकीने मला परातीपलीकडूनच सांगितलं होतं, “तुमच्या त्या सभेत सांग, दिवा मागं पायजे. पुढं काय, पुरुष मानसं बसत्यात नुसती. बसाय काय उजेड लागतो?” मी सभेत ते सांगितलं. पण कसं सांगितलं, ते लिहितो. हसत सांगितलं. “आमच्या काकीचं म्हणणं आहे की बसायला उजेड लागत नाही,” असं. मंडळी खदाखदा हसली. कुणीतरी म्हणालं, “बायकांना चुलीत जाळ हाय की! एक जाळ पुरत नाय व्हय?” पुन्हा हशा. तार ओढायला आलेला वायरमन बिचारा शहाणा होता. तो म्हणाला, मधल्या भिंतीला वरच्या अंगाला भोक पाडा आणि दिवा त्या भोकात टांगा, दोन्हीकडे पडेल उजेड, मुंबईला चाळींत असं करतात. यावर आमचा काकाच पहिल्यांदा बोलला, “नको नको, मागच्या धुरानं बल्ब काळा होईल.” सगळ्यांनी माना हलवल्या. बल्ब काळा होईल! त्या पडवीत एक माणूस रोज काळं होत होतं, तिकडे कुणाची मान हलली नाही. माझीही नाही. मी वहीत लिहिलं, ‘सर्वानुमते, पुढच्या खोलीत.’ सर्वांमध्ये बाई एकही नव्हती.

दिवे लागायचा दिवस ठरला आणि मला आणखी एक कल्पना सुचली. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला शेवटी देखावा हवा असतो. मी जाहीर केलं, आज अंधाराची होळी करायची, प्रत्येक खोलीतून चिमण्या आणून अंगणात टाकायच्या. मी स्वतः टोपली घेऊन खोल्याखोल्यांतून फिरलो. बायका मागच्या पडवीतून चिमण्या आणून टोपलीत टाकत होत्या. काकीनेही तिची आणली. रॉकेल काढून घेतलेलं, डबी लख्ख पुसलेली. टोपलीवर हात तसाच धरून तिने विचारलं, “आन मागं रे?” मी तेव्हा भरात होतो. म्हणालो, “मागं-पुढं काय गो काकी, आता उजेड सगळ्यांचा!” तिने माझ्याकडे पाहिलं, आणि चिमणी टोपलीत सोडली. “बरं बाबा,” म्हणाली, “सगळ्यांचा.” अंगणात दगडांनी त्या चिमण्या चेचल्या. पत्रा वाकताना मोठा आवाज होतो, पोरं नाचली, पुरुषांनी जयजयकार केला. तेवढ्यात शेठच्या ओटीवर खटका दाबला गेला आणि बारा खोल्यांच्या बारा खिडक्या एकदम उजळल्या. चाळीच्या पुढच्या बाजूने बघणाऱ्याला ते फार सुंदर दिसलं असणार. चाळीच्या मागच्या बाजूने जाऊन मी पाहिलं नाही.

त्या दिवसापासून द्रुपदाकाकीच्या स्वयंपाकघरात आधी होता त्याहून जास्त अंधार झाला. कुणाला हे पटत नसेल तर त्याने चाळीत येऊन बघावं. आमच्या लढ्याने तिच्या हातातला दिवा काढून घेतला आणि आमच्या डोक्यावर टांगला. रॉकेल आणायचं काकाने बंद केलं. “लाईट हाय ना आता,” एवढंच त्याचं उत्तर. सहाव्या खोलीतल्या सोनूबाईने एक चिमणी लपवून ठेवली होती, तर शेठच्या दिवाणजीने तिच्या नवऱ्याला खोली सोडायची ताकीद दिली आणि वर माझा कागद वाचून दाखवला. पुढच्या खोलीत आता गिरणीतली माणसं येऊन बसू लागली, पत्ते पडू लागले, मी पेपर मोठ्याने वाचून दाखवू लागलो. बसायला लोक वाढले तसं मधलं दार जास्त वेळ लागू लागलं. काकी चुलीच्या जाळावर दिसेल तेवढं बघायची, बाकी हाताने चाचपायची. मीठ बोटांनी, भात वासाने, भाकरी फुगल्याच्या आवाजाने. भातात खडा आला की काका ओरडायचा. एकदा ती दाराआडून म्हणाली, “ताट घेऊन मागं या जेवायला, आन दाखवा मला खडा कसा दिसतो तो.” पुढं बसलेले सगळे हसले, आणि काकाही हसला. तिच्या बोलण्यावर आम्ही नेहमी हसत असू. ती आमच्याकडे विनोदी म्हणून प्रसिद्ध होती!

त्या संध्याकाळी पाऊस लागून होता. गिरणीतले दोघं बसले होते, काका होता, आणि मी प्रूफ वाचून दाखवत होतो. शेवंता, काकीची मुलगी, वय वर्षं चौदा, नळावर गेली होती. मागं तूस धुमसत होतं म्हणून दार लावलेलं. वाचता वाचता मागून ‘आई गं’ ऐकू आलं. काकाने बसल्या जागेवरून विचारलं, “काय झालं गो?” 

“लाकूड काढताना हाताला काटा गेला वाटतं.”

“मग काढ की.”

“दिसत नाय.”

“चुलीपाशी धर.”

मी म्हणालो, “काकी, इकडे ये, दिव्याखाली बघू.” एकदा म्हणालो. पुढं परकी दोन माणसं पाय पसरून बसलेली, तव्यावर भाकरी, पदर सावरायला जावं तर हात पिठाचे... ती कशी येणार होती? म्हणाली, “ऱ्हाऊ दे रे, भाकरी करपंल.” मी पुन्हा प्रूफात मान घातली. त्या प्रूफात एक शब्द चुकीचा पडला होता, तो मात्र मला त्याच दिव्यात बरोबर दिसला. तिने उरलेल्या भाकऱ्या केल्या. त्याच हाताने. ताटं दारातून पुढं सरकवली, आम्ही जेवलो.

सकाळी हात कोपरापर्यंत सुजला होता. तिने हळद लावून चिंधी बांधली होती. “काट्याचं विष चढलंय,” म्हणाली. मला प्रूफ छापखान्यात देऊन, पत्रकं घेऊन पोलादपूरची गाडी गाठायची होती. तिने डाव्या हाताने चार भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या आणि म्हणाली, “जा, लोकांला उजेड दे.” टोमणा होता की आशीर्वाद, मला आजही सांगता येत नाही. मी गेलो. दुपारी हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा काका घाबरला आणि तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “जनावर पाहिलं का कुणी?” “नाय पाहिलं. अंधार होता.” “दिवा नव्हता का घरात?” यावर काकाने जे उत्तर दिलं ते शेवंताने मला नंतर सांगितलं. तो म्हणाला, “असं कसं सायेब? आमच्यात लाईट हाय.” डॉक्टरांनी होतं तेवढं केलं. फार उशीर झाला, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला घरी आणलं. पुढच्या खोलीत माणसं जमलेली, म्हणून तिला मागंच निजवलं, तुसाच्या पोत्यांशेजारी, आणि तिथंच ती गेली. उजाडल्यावर शेवंताने एकटीने सगळी लाकडं बाहेर काढली. तळाशी दीड वीतभर फुरसं वेटोळं करून बसलेलं सापडलं. तिने ते ठेचलं. लोक म्हणतात काकीला फुरशाने मारलं. फुरसं ओलीतून सुक्या जागी आलं होतं, त्याच्या जातीप्रमाणे वागलं. त्याने कुठल्या सभेत ठराव केला नव्हता.

मी पोचलो तेव्हा बायका न्हाऊ घालत होत्या. सावित्रीच्या काठी सगळं उरकून परत आलो तर पडवीत उजेड दिसला. जिथं माणूस जातं तिथं दिवा ठेवायचा ही आपल्याकडची रीत. दहा दिवस तो विझता कामा नये. चुलीशेजारी, तिचं डोकं होतं त्या जागी, तेलाचा दिवा लावलेला होता. काकाने गिरणीतून रजा काढली आणि पहारा करावा तसा त्या दिव्याशेजारी बसला. तेल कमी झालं की घालायचा, वात सारायचा, वारा लागेल म्हणून तुसाच्या पोत्याचा आडोसा करायचा. चाळीतले पुरुष आळीपाळीने येऊन बसायचे. शेठने तेल पाठवून दिलं. दिवाणजीने घाबरत कलमाची आठवण करून दिली, तर शेठ म्हणाला म्हणे, “अरे, हे धर्माचं काम आहे, याला कोण आडवा येणार?” त्या दहा दिवसांत पडवीतला कोपरान् कोपरा दिसत होता. भिंतीवरची काजळी, मोरीची फुटकी कड, चुलीच्या बाजूला तिच्या हातांनी घासून गुळगुळीत झालेला दगड. मी त्या घरात दहा-बारा वर्षं जेवलो, आणि हे सगळं पहिल्यांदाच पाहत होतो.

दिव्याखाली पीठ पसरून वर टोपली पालथी घातलेली होती. सकाळी टोपली उचलून पिठात कशाचा ठसा उमटला ते बघतात, म्हणजे मेलेल्या माणसाला पुढचा जन्म कुठला मिळाला ते कळतं. टोपली उचलली तेव्हा सात-आठ बाप्ये त्या चिंचोळ्या जागेत दाटीवाटीने शिरले, कुणी दिवा खाली धरला, कुणी गुडघे टेकले, आणि सगळे डोळे ताणून जमिनीकडे बघू लागले. “पाखराचा पाय हाय.” “छ्या, गाय हाय गाय.” “नीट बघा, दिवा अजून जवळ घ्या.” मी भिंतीला टेकून उभा होतो आणि माझं डोकं फुटायची वेळ आली. ह्यातला एक जण, मी धरून, त्या संध्याकाळी एवढाच वाकला असता! एवढाच दिवा, एवढाच जवळ...

अकराव्या दिवशी दिवा उचलला. शेवंता आडवी आली. “ऱ्हाऊ दे हितं,” म्हणाली. काका तिला समजावू लागला, “दिवस झाल्यावर तो दिवा घरात ठेवू नये गो, वाईट असतं.” ती म्हणाली, “मग चिमणी आणा.” “शेठ ठेवू देणार नाय. लिहून दिलंय दत्तूनं.” तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. दिवा नदीवर गेला आणि त्या दिवसापासून आईच्या जागी शेवंता चुलीपाशी बसली, तिची शाळा आपोआप सुटली, त्यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. तीन-चार दिवस गेले. एका दुपारी काका गिरणीत असताना तिने कुऱ्हाड घेतली, मधलं फळ्यांचं दार बिजागरीतून काढलं, त्याच्या चांगल्या बोटबोट रुंद ढलप्या केल्या आणि संध्याकाळचा भात त्यावर शिजवला. काका आला, दाराच्या जागी नुसती चौकट बघून ओरडला, “दार कुठं हाय?” ती म्हणाली, “चुलीत. सुकी लाकडं नव्हती.” पुढची दोन माणसं धुराने खोकत उठून गेली. मग काका जेवायला बसला.

ते बघून मला पुन्हा अवसान आलं. शेठकडून ते कलम काढून घ्यायचंच, वायरमनने सांगितलं तसा प्रत्येक भिंतीत दिवा लावून घ्यायचा, आणि या वेळी बाप्यांच्या सह्या नकोत, बायकांची सभा घ्यायची, असं मी ठरवलं. खोल्याखोल्यांत निरोप दिला. शनिवारी संध्याकाळी सात वाजता, आमच्या पुढच्या खोलीत. सातची वेळ मुद्दाम ठेवली, कारण तेव्हा शेठच्या ओटीवरून दिवे चालू झालेले असतात. मी सतरंजी अंथरली, कागद-पेन्सिल घेतली, दिव्याखाली बसलो. सव्वासात झाले, साडेसात झाले. एकही बाई आली नाही. मला रागच यायला लागला, यांच्यासाठी लढावं आणि यांनी घराबाहेर पाऊल टाकू नये! आणि मग ऐकू आलं. डावीकडच्या भिंतीपलीकडून, उजवीकडच्या भिंतीपलीकडून, तिच्याही पलीकडून, सगळ्या चाळीच्या पाठीमागून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. महाडात अशी कुठली बाई आहे जी संध्याकाळी सातला मोकळी असते? मी काकीच्या घरात इतकी वर्षं जेवलो, आणि ती स्वयंपाक कधी करते हे मला माहीत नव्हतं.

मी उठलो. कागद हातात घेऊन त्या मोकळ्या चौकटीत जाऊन उभा राहिलो. शेवंता परात पुढं ओढून पुढच्या दिव्याचा जेवढा पट्टा आत पडत होता तेवढ्यात भाकरी थापत होती. मी विचारलं, “शेवंता, अर्जात काय काय लिहू, सांग.”

तिने मान वर केली नाही. म्हणाली, “दादा, आदी त्या दारातनं बाजूला हो. उजेड अडतोय.”